दोघी हसत होत्या

डॉक्टरांनी मला वही ठेवायला सांगितली तेव्हा मला हसूच आलं. सत्तावीस वर्षं मी आठवी-नववीच्या मुलांच्या विज्ञानाच्या प्रयोगवह्या तपासतेय. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आणि आता माझ्याच डोकेदुखीची प्रयोगवही.

"बाई, गोळी मी देतो," डॉक्टर म्हणाले. त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेलेली, त्यामुळे तेही मला बाईच म्हणतात. "पण गोळी घेतली तरी तुमची अर्धशिशी परत येतेच आहे. कधी येते, त्याआधी काय खाल्लं, कुठे होतात, झोप किती झाली, एवढं रोज दोन-तीन ओळींत लिहा. दीड महिन्याने घेऊन या."

डोकं दुखणं मला लहानपणापासूनच. पण त्या वर्षी जानेवारीपासून कहर झाला होता. उजव्या भुवईवर कुणीतरी बोट रोवून धरल्यासारखं व्हायचं. मग उजेड नको, आवाज नको. पडदे ओढून पडून राहायचं, बस. मला वाटत होतं, शाळेतून येताना लागणारं ऊन असेल. नाहीतर द्राक्षं असतील. त्या दिवसांत आमच्याकडे कुणी ना कुणी द्राक्षांची पेटी आणून देतंच आणि मी येता-जाता तोंडात टाकत असते. शिवाय आईचं आजारपण. ताण असणारच, असं सगळेच म्हणत होते आणि मलाही ते पटत होतं.

आई डिसेंबरात पडली. वणीला ती एकटी राहायची. सकाळी अंगणात सडा घालताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. नाशिकला आणून ऑपरेशन केलं आणि मग तिला आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटवरच आणलं. मला भाऊ नाही, बहीण नाही. एक्याऐंशी वर्षांची आई आणि मी. आता आई कायमची माझ्याकडे, या विचाराने काळजीच्या पोटात मला एक आनंदही झाला होता. तो मी कुणाला सांगितला नाही.

आई मोजून बोलणारी. वडील बोलके, वणीच्या पोस्टात होते, काउंटरवर आलेल्या माणसाला हसवल्याशिवाय सोडायचे नाहीत. आई मात्र "जेव", "जपून जा", "झालं का?" यापलीकडे जायची नाही. तिने माझ्यासाठी काय केलं नाही? दहावीच्या वर्षी रोज पहाटे माझ्याआधी उठून चहा ठेवायची आणि मी अभ्यास करत असेपर्यंत शेजारी काहीतरी निवडत बसायची. पण बोलायची नाही. लग्नानंतर मी फोन केला की दोन मिनिटांत "बरं, ठेवते" म्हणायची. हा तिचा स्वभाव आहे आणि तो मला एकटीला कळलेला आहे, अशी माझी समजूत होती. तिला मोठ्याने हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती हसतच नाही, असं मी धरून चालले होते.

मी दिवसभर शाळेत, नवरा कामावर. म्हणून आईसाठी दिवसाची बाई ठेवावी लागली. पहिल्या दोघी टिकल्या नाहीत. तिसऱ्या आल्या त्या पेठच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या. चाळिशीच्या. आधी दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला जायच्या, मग नाशिकला आजारी माणसं सांभाळायच्या कामात पडल्या. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, पण घरात काम करणाऱ्या बाईला आमच्याकडे मावशीच म्हणतात, म्हणून त्या मावशी झाल्या. हात स्वच्छ, उचलण्यात ताकद आणि आवाज हळू. मी खूश होते.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी शाळेतून आले आणि कुलपाला किल्ली लावताना आतून हसण्याचा आवाज आला. वाटलं, टीव्ही असेल. दार उघडलं तर आई हसत होती. पदर तोंडावर धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मावशी तिच्या पायाला तेल लावत खाली बसल्या होत्या, त्याही हसत होत्या. आणि आई काहीतरी बोलत होती ते मला कळेना. शब्द ओळखीचे वाटत होते, पण त्यांची टोकं वेगळी होती. चालही वेगळी, जरा नाचरी.

मला पाहिलं आणि आई थांबली. पदर खाली घेतला. "आलीस? चहा घे," म्हणाली.

मावशींना काय सांगू नि काय नको असं झालं होतं. "ताई, आजी आमच्या बोलीत बोलत्यात! लय भारी बोलत्यात. आमची पोरं आता बोलत नाय तसं."

आजोबा, म्हणजे आईचे वडील, तिकडे कुठेतरी मास्तर होते, एवढं मला ठाऊक होतं. आई तेरा वर्षांची होईपर्यंत त्याच पाड्यांवर वाढली, तिथल्याच मुलींबरोबर खेळली, हेही कधीतरी कानावर आलं असेल. पण आईला आणखी एक भाषा येते, तीत ती गोष्टी सांगते, नकला करते, हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. तेही एका परक्या बाईकडून. मी चहा घेतला. संध्याकाळी डोकं दुखायला लागलं.

मग रोजच काहीतरी होत गेलं. मावशी आधी आईला "अहो आजी" म्हणायच्या. आठवड्याभरात त्या बोलीत "तू" आला. आई त्यांना "बाय" म्हणायला लागली. मला ती जन्मभर "अगं" म्हणत आली आहे. मी आईसाठी सकाळी ओट्स करून ठेवायची, ते तसेच राहायचे. एक दिवस मावशींनी गावाहून नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ आणलं आणि दुपारी भाकरी केली. सोबत खुरासणीची चटणी. आई दीड भाकरी जेवली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मी दुसऱ्याच दिवशी कॉलेज रोडवरच्या एका मोठ्या दुकानातून नागलीची बिस्किटं आणली, चांगल्या डब्यातली. आईने एक तुकडा मोडला, चघळला आणि म्हणाली, "छान आहे." डबा तिने परत उघडला नाही.

मी काय केलं? मी जास्त कामाला लागले. भिंतीवर व्यायामाचा तक्ता लावला. हवेची गादी आणली. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली. आणि मावशींच्या चुका शोधायला लागले. आठची गोळी आठ वाजून दहा मिनिटांनी दिली. टॉवेल ओला ठेवला. वॉकर पलंगापासून लांब राहिला. एकदा तर मी त्यांना म्हणाले, "तिच्याशी मराठीतच बोलत जा. या वयात दोन-दोन भाषांनी डोक्याचा गोंधळ होतो, डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांनी असं काहीही सांगितलं नव्हतं. मी हे इतकं सहज बोलले की बोलून झाल्यावर मलाच ते खरं वाटलं. मावशींनी मान हलवली. आई खिडकीकडे बघत राहिली.

आणि रोज मी माझी वही लिहीत होते. प्रामाणिकपणे. झोप सहा तास. द्राक्षं नाहीत. ऊन होतं. दुपारी डबा उशिरा खाल्ला. डोकं साडेसहाला सुरू.

दीड महिन्याने डॉक्टरांनी ती वही शांतपणे वाचली. मागची पानं पुढे, पुढची मागे करून पाहिलं. मी म्हणाले, "माझ्या मते ऊनच. मी खाली तसं अनुमान लिहिलंय."

"ते वाचलं. पण शनिवारी तुमची सकाळची शाळा. तुम्ही भर उन्हात बाराला घरी येता आणि शनिवारी एकदाही डोकं दुखलेलं नाही. शनिवारी काय असतं?"

"काही नाही. शनिवार-रविवार मावशींना सुट्टी असते. शनिवारी सकाळी हे घरी असतात, नंतर मीच आईजवळ असते."

"हं." त्यांनी पेन्सिलीने एक-एक ओळ दाखवायला सुरुवात केली. "हे बघा. 'घरी आले तेव्हा दोघी हसत होत्या.' इथे परत, 'दोघी हसत होत्या.' इथे, 'आले तर दोघी बोलत होत्या, मला पाहून थांबल्या.' सात वेळा आहे. मी फक्त खाणं, झोप आणि जागा विचारली होती. हे कशाला लिहिलंत?"

"वेळ लक्षात राहावी म्हणून," मी म्हणाले.

"वेळ तर शेजारी आकड्यात लिहिलीय, बाई."

माझे कान तापले. आमच्या शाळेत मुलं अनुमान आधी लिहितात आणि मग त्याला जुळेल असं निरीक्षण बनवतात. मी ते लगेच पकडते. मी मात्र निरीक्षण खरं लिहिलं होतं आणि अनुमान खोटं. डॉक्टरांनी वही मिटली. वही परत देताना फक्त म्हणाले, "मी काही सांगत नाहीये. तुम्हीच लिहिलंय."

रिक्षात बसल्यावर मला त्यांचा संताप आला. हेवा? मला? घरकामाच्या बाईचा? पण शब्द एकदा मनात आला की तो जात नाही. घरी पोहोचेपर्यंत मी स्वतःशी कबूल केलं होतं की होय, हेवाच. आणि त्यानंतर मी जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं. द्राक्षांनी डोकं दुखत असेल तर द्राक्षं बंद करायची. मी मावशींना बंद केलं.

कारण अगदी सभ्य होतं. मे महिन्याची सुट्टी लागत होती. "आता मी घरीच आहे," मी म्हणाले. "तुम्हालाही गावी जायला मिळेल. जूनमध्ये बघू." नवी साडी दिली, हळद-कुंकू लावलं. साडी नेसवून माणूस काढता येतं, हे मला नीट जमतं. मावशी आईच्या पाया पडल्या. आईने त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि बोलीत काहीतरी म्हणाली. मी बाजूला उभी होते. मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही.

माझं डोकं दुखायचं थांबलं. सलग अकरा दिवस काही नाही. मी वहीत तसं लिहिलंही.

आई मात्र मिटली. तक्रार नाही, रडणं नाही. मी अंघोळ घालायची, ती मुकाट्याने हात वर करायची. मी नागलीची भाकरी करायला गेले तर ती तव्यावरच फुटली; आईने ती फुटकीच खाल्ली, अर्धी. "बरी झालीय," म्हणाली. मी गप्पा काढायची. "आई, तुमच्या त्या गावाला नदी होती का गं?" "होती." "मैत्रीण होती का कुणी?" "होत्या." संपलं. दहा दिवसांत तिने वॉकर धरून दारापर्यंत जाणं सोडलं. पाय दुखतो म्हणाली.

नवरा हे सगळं बघत होता. तो फार बोलणारा माणूस नाही. अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "मावशींना परत बोलव."

"सुट्टीत कशाला? मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच म्हणतोय." मग म्हणाला, "रागावू नकोस. माझ्या बहिणीचं आपल्याकडे येणं का बंद झालं, आठवतं?"

"तिनेच येणं बंद केलं. तिच्या मुलाच्या क्लासमुळे."

"ती यायची तेव्हा आम्ही बसून जुन्या गोष्टी काढायचो, हसायचो. तू दर वेळी डोकं धरून आत जायचीस. मग आम्ही हळू बोलायचो. मग ती कमी यायला लागली. तू कधी तिला वावगा शब्द बोलली नाहीस. उलट जाताना साडी द्यायचीस."

साडी या शब्दाने मला चटका बसला. मला नणंदेच्याही आधीची माणसं आठवायला लागली होती. कॉलेजातली माझी मैत्रीण, जिला दुसरी एक मैत्रीण मिळाली आणि जिच्याशी मी "अभ्यास आहे" म्हणून बोलणं सोडलं. शाळेतल्या एक बाई, ज्यांच्याभोवती मुलं मधल्या सुट्टीत घोळका करायची आणि ज्यांच्या वर्गात शिस्त नसते असं मी मुख्याध्यापकांना तळमळीने सांगितलं होतं. प्रत्येक वेळी माझ्याकडे चांगलं कारण होतं. प्रत्येक वेळी मी आधी खूप उपयोगी पडले होते, मग दोष शोधला होता, मग आजारी पडले होते. मला आवडणारं माणूस माझ्याशिवाय हसलं की हे सुरू व्हायचं. माणसं बदलली, क्रम बदलला नाही.

त्या दुपारी मी आईच्या पलंगावर जाऊन बसले. तिचे केस विंचरायला घेतले, म्हणजे तिच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.

"आई, तुझी ती बोली मला शिकव ना. चार शब्द."

"तुला कशाला?"

"असंच. मला पण तुझ्याशी बोलायचंय."

आईने विंचरण्यासाठी मान जरा पुढे केली. मग म्हणाली, "नको. तू हसशील."

"मी का हसेन?"

"तू हसत नाहीस. चूक काढतेस." ती अगदी साधेपणाने म्हणाली. रागावून नाही. मग सांगायला लागली. लग्न होऊन वणीला आली तेव्हाही तिच्या तोंडात तीच बोली बसलेली. सासरी ती काही बोलली की सगळे हसायचे. जावा तिचे शब्द पुन्हा-पुन्हा म्हणून दाखवायच्या. माझे वडीलही हसायचे, प्रेमाने, पण हसायचे. मग तिने बोलणंच कमी केलं. आधी शब्द मनात तपासायचा, बरोबर असला तरच बाहेर काढायचा. "तपासता-तपासता बोलायची वेळ निघून जायची," ती म्हणाली. "मग म्हटलं, जाऊ दे."

"पण माझ्याशी? मी तर तुझी मुलगी."

"तू चौथीत होतीस. तुझ्या मैत्रिणी आल्या होत्या घरी. मी त्यांना काहीतरी म्हणाले, बसा-खा असंच काहीतरी. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, आई, असं नाही म्हणत, ते अडाण्यांसारखं वाटतं. आणि बरोबर कसं म्हणतात ते मला म्हणून दाखवलंस."

माझा हात केसांतच राहिला. मला हे अजिबात आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण ते खरं आहे हे मला लगेच कळलं, कारण ते वाक्य अगदी माझं आहे. मी आजही वर्गात तसंच बोलते.

"म्हणून तू माझ्याशी बोलत नव्हतीस?"

"बोलत होते की. जपून बोलत होते." ती जरा वळली. "हुशार होतीस तू. मला तुझा अभिमान वाटायचा. पण भीतीही वाटायची."

इतकी वर्षं आईने माझ्यापासून काहीतरी राखून ठेवलं आणि ते दुसऱ्या कुणाला दिलं, म्हणून मी जळत होते. ते तिने राखून ठेवलं नव्हतं. माझ्यासमोर ते दार मीच ओढून घेतलं होतं, चौथीत असताना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी रडले नाही. रडले असते तर तिने मलाच समजावलं असतं. मी वेणी पुरी घातली.

पुढच्या रविवारी आईजवळ शेजारच्या काकूंना बसवून आम्ही दोघं गाडीने पेठला निघालो. फोनवर मावशींना एवढंच सांगितलं होतं की भेटायला येतोय. घाट उतरून पुढे एका फाट्यावर आत वळायचं होतं. डोंगर उघडेबोडके, तापलेले. शेतात जागोजागी काळे चौकोन दिसत होते. भाताची रोपं टाकण्याआधी जमिनीवर पालापाचोळा जाळून ती भाजून घेतात, त्याचे. मावशींचं घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, आत गार. ओटीवर त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान वळवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मावशी ओशाळल्या. पाणी दिलं, आणि आत आल्यावर हळूच म्हणाल्या, "मनावर नका घेऊ, ताई. त्या म्हणतात, मी सासूपेक्षा नाशिकच्या म्हातारीला जास्त जपते. सुट्टीवर आले तरी तिचीच गोष्ट सांगते. तुम्ही येणार कळलं तसं सकाळपासून त्यांचं डोकं दुखतंय."

मला हसू फुटलं. थांबवताच येईना. मावशी बघतच राहिल्या. मग मी बाहेर ओटीवर गेले आणि त्या म्हातारीच्या शेजारी जमिनीवर बसले. तो भिंतीकडे वळलेला चेहरा मला आतून ठाऊक होता. तिला काय म्हणावं सुचेना, म्हणून जे खरं होतं ते म्हणाले, "आजी, माझं पण असंच होतं." थोड्या वेळाने तिने तंबाखूची पिशवी बाजूला सरकवून मला नीट बसायला जागा केली.

मावशींना मी सगळं सांगितलं. गोळीची दहा मिनिटं, डॉक्टरांच्या नावाने मारलेली थाप, सुट्टीचं कारण. त्या खाली मान घालून ऐकत होत्या.

"मला माहीत होतं, ताई," त्या म्हणाल्या. "तुम्ही दारात आल्या की तुमचं कपाळ दिसायचं. मी आजींना म्हणायची, ताई आल्या, आता गप्प बसू. मला वाटायचं, मी गेले की तुम्हाला बरं वाटंल."

"वाटलं," मी म्हणाले. "अकरा दिवस."

त्या लगेच आल्या नाहीत. आवणी, म्हणजे भाताची लावणी, होईपर्यंत घर सोडता येणार नव्हतं. मी जोर केला नाही; जूनमध्ये शाळा सुरू झाली की दिवसा शेजारच्या काकू आईजवळ बसणार होत्या. पण फोन करायचं ठरलं. रोज संध्याकाळी डोंगराच्या ज्या कोपऱ्यात रेंज मिळते तिथे मावशी जाऊन उभ्या राहायच्या आणि मी आईसमोर मोबाइल धरून बसायची. आईचा हात थरथरतो, फोन तिला धरता येत नाही. म्हणजे ज्या गप्पांनी मी जळायची, त्याच मला हाताने धरून ठेवाव्या लागत होत्या. आई पुन्हा हसायला लागली. पुन्हा वॉकर धरून दारापर्यंत गेली. आणि चौथ्या की पाचव्या दिवशी, फोन चालू असतानाच, उजव्या भुवईवर ते बोट आलं.

फोन संपल्यावर मी म्हणाले, "आई, तुम्ही दोघी बोलता ना, तेव्हा मला हेवा वाटतो."

मला वाटलं, ती दचकेल. ती म्हणाली, "माहीत आहे."

"मग?"

"मग काय? वाटू दे. इथे बस." तिने पाय आखडून घेतले. "आत्ता ती काय म्हणाली सांगू का? त्यांच्या शेजारणीच्या कोंबडीने..." आणि ती मला सांगायला लागली. मध्येच एका शब्दापाशी अडखळली. माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही. तिने तो शब्द तसाच म्हटला आणि पुढे गेली.

डोकं त्या संध्याकाळी दुखलंच. असं काही नसतं की बोलून टाकलं आणि गेलं. पण गोळी न घेता राहण्याइतकं कमी दुखलं. श्रावणात मावशी परत आल्या. अजूनही त्या दोघी माझ्याविना हसतात. काही दिवशी मी जाऊन त्यांच्यात बसते, काही दिवशी स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात ठेवते. तेव्हा आतून आईची हाक येते, "अगं, काय आपटतेस? इकडे ये."

गणपतीच्या आधी मी माझ्या नणंदेला फोन केला. नऊ वर्षांत आम्ही दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे बोललो नव्हतो. मी लांबण न लावता सांगितलं, की तुम्ही बहीण-भाऊ हसायचात ते मला सोसायचं नाही, म्हणून मी आत जाऊन पडायची.

"अगं वहिनी," ती म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं."

ती दोन दिवस राहायला आली. आरतीनंतर बहीण-भाऊ सोफ्यावर बसले आणि लहानपणी त्यांच्या घरी असलेल्या एका बोक्याची गोष्ट निघाली, जो शेजाऱ्यांच्या घरी जाऊन उपाशी असल्याचं सोंग करायचा. दोघं हसून-हसून लोळायला लागले. नवऱ्याचा तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. माझ्या कपाळावरची शीर उडायला लागली. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, प्रसादाच्या वाट्या विसळल्या, आणि परत आले.

"मला पण सांगा ना," मी म्हणाले. "पहिल्यापासून."

त्यांनी सांगितली, एकमेकांची वाक्यं तोडत, पहिल्यापासून. गोष्ट मला काही फारशी विनोदी वाटली नाही. पण मी उठले नाही.